सेशन ‘ॲक्टिव्ह’ आहे म्हणजे नक्की काय?

पीएचपी या वेबसाइटच्या प्रोग्रामिंग भाषेत सेशन म्हणजे एकाच पाहुण्याची माहिती पानापानांतून सर्व्हरवर जपायची सोय. ते चालू आहे का, हे थेट विचारायची सोय मार्च २०१२ मध्ये आली, ५.४ आवृत्तीत. सेशन मात्र २००० सालच्या पीएचपी ४ पासूनच होतं. मधली बारा वर्षं अंदाजावर गेली: सेशनचा ओळख-क्रमांक देणारं सेशन_आयडी() रिकामं येतंय का बघा, नाहीतर सेशनची माहिती ठेवणारा $_सेशन ॲरे (यादी) सेट आहे का बघा.

दोन्ही अंदाज फसवे. माहिती साठवणारं सेशन_राइट_क्लोज() केल्यावर सेशन बंद होतं, पण सेशन_आयडी() जुनाच आयडी देत राहतं. साठवलेली माहिती पुसणाऱ्या सेशन_डिस्ट्रॉय() नंतरही त्या स्क्रिप्टपुरता $_सेशन ॲरे भरलेलाच असतो. शेवटी हेडरच्या फाइलीत सेशन सुरू करणारं एक सेशन_स्टार्ट(), लॉगिनच्या फाइलीत दुसरं, आणि पानाच्या माथ्यावर ‘सेशन आधीच सुरू आहे’ची नोटीस. त्या नोटिशीमुळे आउटपुट सुरू झालं की पुढचा रीडायरेक्टही (दुसऱ्या पानावर पाठवणंही) अडतो. मग पुढे @ लावून नोटीस दाबायची सवय लागली, आणि तिने खऱ्या चुकाही झाकल्या.

५.४ मधल्या सेशन_स्टेटस()ने हे मिटवलं, पण उत्तर हो-नाहीत दिलं नाही. ० म्हणजे डिसेबल्ड (सेशन वापरताच येत नाही), १ म्हणजे नन (सेशन सुरू नाही), २ म्हणजे ॲक्टिव्ह (सेशन सुरू आहे). हा निर्णय मला आजही पटत नाही. नुसतं ‘इफ (सेशन_स्टेटस())’ लिहिलं, तर सेशन सुरू नसतानाही अट खरी ठरते, कारण पीएचपीत १ म्हणजेही खरंच. शिवाय सेशनचं एक्स्टेंशनच (जोड-भागच) बसवलेलं नसेल तर हे फंक्शनही नसतं; सेव्ह हँडलर (सेशन साठवणारा भाग) सापडला नाही, अशा मोजक्या वेळीच ० मिळतं. त्या क्वचितच्या उत्तरासाठी रोजच्या तपासणीत खाच राहिली. म्हणून तुलना पूर्ण लिहायची: सेशन_स्टेटस() === पीएचपी_सेशन_ॲक्टिव्ह (म्हणजे २).

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र ‘ॲक्टिव्ह’ या शब्दाचा. युजर लॉगिन आहे, असा त्याचा अर्थ नाही. ब्राउझरमध्ये कुकी आहे, सर्व्हरवर फाइल आहे, तरी या रिक्वेस्टमध्ये (पानाच्या या एका मागणीत) सेशन_स्टार्ट() झालेलं नसेल तर उत्तर ‘नन’च. उलट, पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्यासाठीही सेशन_स्टार्ट() होताच उत्तर ‘ॲक्टिव्ह’. त्याच सेशनच्या दुसऱ्या रिक्वेस्टला थांबवणारं फाइलीवरचं लॉक सोडायला सेशन लवकर बंद केलं, की लॉगिन असलेल्या माणसासाठीही पुन्हा ‘नन’. लॉगिन तपासायचं तर $_सेशनमध्ये आपण लॉगिनच्या वेळी ठेवलेली किल्लीच (नोंदच) बघावी लागते.

पीएचपी ७.२ पासून ही तपासणी आणखी गरजेची झाली. सेशन चालू असताना त्याचं नाव किंवा कुकीच्या सेटिंग्ज बदलायला गेलं, तर आता वॉर्निंग येते आणि बदल नाकारला जातो.