जुन्या इंजिनाला आंघोळ नको

वीस-पंचवीस वर्षं धावलेल्या गाडीचं बॉनेट उघडा आणि इंजिनाच्या बगलेत बोट फिरवा. बोटाला काळा, ओशट, मेणचट चिकटा लागतो. नखानं खरवडला तर पापुद्रा सुटत नाही, फक्त रेघ उमटते. गॅस्केटच्या, म्हणजे दोन भागांच्या सांध्यातल्या पट्टीच्या, कडेनं वर्षानुवर्षं झिरपलेलं ऑइल, त्यावर बसलेली रस्त्याची धूळ आणि वरून रोजची धग, एवढ्यात तो तयार होतो. तापलेल्या ऑइलमधले हलके घटक उडून जातात, उरलेल्यांचा ऑक्सिजनशी संयोग होऊन ते घट्ट होत जातात. करपलेल्या भांड्याच्या बुडाला बसणाऱ्या रापाचं हे सख्खं भावंड.

हा चिकटा काढायचा म्हणून मी पहिल्यांदा सरळ होज पाइप लावला होता. इंजिन ओळखू येऊ नये इतकं चकाचक झालं, आणि मग संध्याकाळपर्यंत सुरूच होईना. स्टार्टर फिरत होता, पेट्रोल येत होतं, पण एकाही स्पार्क प्लगला ठिणगी पडत नव्हती. शेवटी डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला आळीपाळीनं वीज वाटणाऱ्या भागाच्या, कॅपच्या दोन्ही क्लिपा सोडवल्या आणि कॅप उलटी केली. बाहेरून ठणठणीत कोरडी. आत मात्र धातूच्या टोकांच्या मधल्या जागेत मोहरीएवढे थेंब ओळीनं बसलेले. फडक्यानं पुसून कॅप परत लावली, गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली.

ते पाणी आत शिरलं दोन वाटांनी. एक वाट केशाकर्षणाची: फट जितकी अरुंद, तितकं पाणी तिच्यात जोरानं ओढलं जातं. दुसरी वाट वाफेची. गरम इंजिनावर पाणी पडलं की वाफ होते, ती जिथं वाव मिळेल तिथं घुसते आणि तुलनेनं गार पृष्ठभाग सापडला की तिथं दवासारखी साचते. जुन्या गाडीत अशा फटींना तोटा नसतो. वायरीवरच्या पीव्हीसी वेष्टणाला मऊ ठेवणारी द्रव्यं काळानुसार निघून जातात, वेष्टण कडक होतं, वाकवलं की तडकतं. प्रत्येक तडा म्हणजे पाण्यासाठी तयार नळी.

आता या थेंबांनी इतका घोळ का घालावा? इग्निशन कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे काही हजार, अनेकदा २० हजारांच्या वर व्होल्ट करते. प्लगच्या टोकाशी जेमतेम मिलिमीटरभर फट असते, पण तिथली हवा दाबलेली असल्यामुळे ती ओलांडायला एवढा जोर लागतो. विजेला त्याहून सोपी वाट मिळाली तर ती तीच धरते. शुद्ध पाणी विजेचं वाहक म्हणून अगदीच सुमार. पण इंजिनावरून ओघळलेल्या पाण्यात क्षार आणि काजळी मिसळलेली असते, आणि मग कॅपच्या आतून वीज सरपटत निघून जाते. हे बराच काळ चाललं तर त्या वाटेवरचं प्लास्टिक जळून कार्बनची रेघ उमटते, पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक. कार्बन वीज वाहून नेतो. त्यामुळे कॅप पुढे कितीही सुकवली तरी इंजिन मिस मारत राहतं आणि कॅप बदलण्याखेरीज इलाज उरत नाही. माझ्या वेळी थेंबांवर निभावलं, हे नशीबच.

यापेक्षा वाईटही घडू शकतं. एअर फिल्टर काढून हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचं तोंड उघडं ठेवलं आणि पाणी आत गेलं, तर? १००० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर २५० सीसीचा. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले तो वर असतानाची जागा) ९ असेल, तर पिस्टन वर टेकतो तेव्हा त्याच्या डोक्यावर उरते ती जागा साधारण ३१ सीसी, म्हणजे दोन मोठे चमचे. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही. दोन चमच्यांहून जास्त पाणी आत अडकलं की पिस्टन वर जाऊ शकत नाही आणि त्याला खालच्या शाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून एअर फिल्टर जागेवरच ठेवायचा, त्याच्या तोंडावर, डिस्ट्रिब्युटरवर, कॉइलवर आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या. काम झालं की त्या लगेच काढायच्या, कारण आतली दमट हवा पिशवी तितक्याच इमानानं कोंडून ठेवते.

प्रेशर वॉशर तर जुन्या इंजिनाजवळ आणूच नये, असं माझं ठाम मत आहे. त्याचा दाब सहज १०० बारच्या घरात असतो. सील आणि जोड वरून ओघळणाऱ्या पाण्यासाठी केलेले असतात, भाल्यासारख्या धारेसाठी नव्हे.

मग चिकटा निघणार कसा? साबणानं, आणि वेळ देऊन. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. तेलकट टोकं चिकट्यात रुततात, त्याचे बारीक गोळे करून त्यांना वेढतात आणि पाण्याबरोबर निघायला लावतात. याला मिनिटं लागतात, सेकंद नाही. साबण लावून लगेच घासणारा माणूस स्वतःच्याच मनगटाला शिक्षा करत असतो. भांड्यांचा सौम्य लिक्विड साबण किंवा अॅल्युमिनियमला चालणारा डीग्रीझर, ताठ केसांचा नायलॉनचा ब्रश, कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश, आणि पुसायला ओलं फडकं. पाणी लागलंच तर झाडांना मारायच्या स्प्रेच्या बाटलीतून. पण त्याआधी कोरडं काम: पानं, माती, काड्या ब्रशनं काढून घ्या. काचेखालच्या खोबणीत सडलेली पानं निचऱ्याची भोकं बुजवतात आणि तिथं पत्रा निवांतपणे गंजत असतो.

झटपट मार्ग दोन दिसतात, दोन्ही महाग पडतात. पहिला कॉस्टिक सोड्याचा. अॅल्युमिनियमला वाचवतो तो त्यावरचा काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर. तीव्र अल्कली हा थर विरघळवते, मग खालच्या धातूला भिडते, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि चंदेरी झाकण काळपट, खरबरीत होतं. दुसरा मार्ग पेट्रोलचा. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपाससुद्धा पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचून राहते. बॅटरीचा एखादा सैल टर्मिनल पुरे. रॉकेल इतक्या सहज पेटत नाही म्हणून लोक ते बिनधास्त वापरतात, पण रेडिएटरचे होज बहुधा ज्या रबराचे असतात, ते रॉकेलसारख्या खनिज तेलात फुगतं आणि लिबलिबीत होतं.

गरम इंजिनाला हात लावू नका, पण अगदी गारही नको. एग्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे जळका वायू बाहेर नेणारा बिडाचा भाग, चालत्या गाडीत काहीशे अंशांवर असतो. त्यावर गार पाणी पडलं की वरचा थर आकसतो, आतला तसाच फुगलेला राहतो आणि बिडाला तडा जाऊ शकतो. पूर्ण थंड इंजिनावर चिकटा दगड होऊन बसतो. हात सहज टेकवता येईल इतकं कोमट, हा योग्य मुहूर्त.

बॅटरी सगळ्यात आधी सोडवायची, आणि ऋण टर्मिनल पहिला. गाडीची बॉडी ऋण टोकाला जोडलेली असते. धन टर्मिनल आधी सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला तर थेट शॉर्ट सर्किट, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन त्या ठिणगीची वाटच पाहत असतो. शिवाय करंट चालू असताना कनेक्टरमध्ये पाणी गेलं की विद्युत अपघटन सुरू होतं आणि तांबं हिरवं होऊन झिजतं. टर्मिनलवर साचलेली पांढरी-निळसर बुरशीसारखी पूड आम्लाच्या संपर्कातून आलेली असते. हातमोजे, चष्मा घालून तिच्यावर खाण्याच्या सोड्याचं पाणी टाका. ते फसफसतं, ती कार्बन डायऑक्साइड. फसफसणं थांबलं की पुसून घ्या. सोडा बॅटरीच्या झाकणांतून आत मात्र जाऊ देऊ नका.

शेवटी सुकवणं. पिशव्या काढा, कॅपच्या आत नजर टाका, प्लगच्या खड्ड्यांत फडक्याचं टोक फिरवा, बॅटरी जोडा, आणि उघड्यावर बॉनेट वर ठेवून इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवा. पाणी हुसकणारा स्प्रे इथं कामाला येतो. डब्ल्यूडी-४० मधला डब्ल्यूडी म्हणजे 'पाणी हटवणं' याचीच इंग्रजी आद्याक्षरं आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. १९५३ साली ते गंज टाळण्यासाठीच तयार झालं. होज चमकवणारे सिलिकॉनचे स्प्रे मात्र मला आवडत नाहीत. फॅन बेल्टवर उडाले की बेल्ट घसरतो. तेलकट फडकी आणि खाली जमलेलं काळं पाणी गटारात सोडू नका.

एवढा खटाटोप चमकण्यासाठी नाहीच. गळती आधीपासून माहीत असेल तर धुण्यापूर्वी फोटो काढून ठेवा, कारण चिकटा कुठून सुरू होतो हाच पुरावा असतो. धुतल्यावर आठवडाभर गाडी चालवा आणि टॉर्च घेऊन परत बघा. माझ्या गाडीत इंजिनाच्या माथ्यावरच्या व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, स्वच्छ अॅल्युमिनियमवर, मधाच्या रंगाचा एकच ताजा थेंब लोंबत होता. त्याच्या वर बरोब्बर बोटभर अंतरावर एक बोल्ट सैल होता.