तीस वर्षांनी पुन्हा मांडलेला डाव

गेल्या दिवाळीत मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर, सहा बाय चार फुटांच्या प्लायवूडवर दोन फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. 'वॉरहॅमर' या पुतळ्यांच्या युद्धखेळातल्या कल्पित जमातींच्या: एका बाजूला एल्फ, दुसऱ्या बाजूला गॉब्लिन. १९९४ साली मी आणि माझा मावसभाऊ याच घराच्या अंगणात याच सैनिकांनी लढलो होतो. तेव्हा ते नुसतं प्लॅस्टिक होतं. या वेळी एकही सैनिक बिनरंगाचा नव्हता, आणि तीच आमची अट होती. ही अट कुठून आली, हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागतं.

कोल्हापूरच्या पोराला छोटी फौज मांडायला कुणी शिकवावं लागत नाही. दिवाळी आली की अंगणात दगड-विटा रचायच्या, वर पोतं टाकायचं, चिखलाने लिंपायचं, अळीव पेरायचे, आणि कुंभार गल्लीतून आणलेले मावळे बुरुजाबुरुजावर उभे करायचे. महाराज सिंहासनावर, दारात तोफ. पण किल्ला झाला की मावळे जागचे हलत नसत. मग मामाने इंग्लंडहून वॉरहॅमरचं खोकं आणलं. त्यातल्या नियमांच्या पुस्तकात लिहिलं होतं की एल्फ एका फेरीत पाच इंच चालतो आणि गॉब्लिन चार इंच. मातीची माणसं मोजून चालवता येतात, ही आमच्यासाठी केवढी मोठी बातमी होती!

खरं तर या कल्पनेचं मूळ आपल्याच देशात आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सेनेवरून चतुरंगाला नाव पडलं. तो पुढे पश्चिमेकडे जाऊन युरोपात चेस झाला. १७८० साली हेलविग नावाच्या जर्मन शिक्षकाने चेसच्याच धर्तीवर, पटाचे चौकोन वाढवून आणि त्यात वेगवेगळ्या जमिनी घालून युद्धाचा खेळ तयार केला. राइसवित्झ या प्रशियन गृहस्थाने तर चौकोनच काढून टाकले. १८१२ साली त्याने राजासाठी एक टेबल बनवलं. त्यावर नद्या, टेकड्या, गावं यांचे तुकडे हवे तसे जोडून रणांगण तयार करता येत असे. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये नकाशा, फासे आणि पंच घेऊन नियम पक्के केले, आणि प्रशियन सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो खेळ वापरला जाऊ लागला. फासा आला तो इथेच. लढाईत ठरवल्याप्रमाणे सगळं होत नाही, हे सेनाधिकाऱ्यांनीच मान्य केलं होतं.

घरच्या जमिनीवर हा खेळ आणला तो एच. जी. वेल्सने. ब्रिटनमध्ये १८९३ पासून विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यातून शिशाचे पोकळ ओतीव सैनिक निघत होते, तेही रंगवूनच. वेल्सने १९१३ साली अशा सैनिकांनी खेळायचे नियम छापले. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने समोरचे शिपाई खरोखर पाडायचे. म्हणजे हा खेळ दिवाणखान्यात आला तो रंगीत सैनिकांसकटच. बिनरंगाचे सैनिक नंतर आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर हौशी खेळाडूंना नेपोलियनच्या, रोमनांच्या, कुठल्या कुठल्या फौजा हव्या झाल्या. इतक्या तऱ्हा रंगवून कोण विकणार? मग कच्चे ओतीव पुतळे घ्यायचे आणि घरी रंगवायचे, अशी रीत पडली. टॉलकिनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही अद्भुत कादंबरी १९५४-५५ मध्ये आली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत घरोघरी गेली, तेव्हा या रणांगणावर तिच्यातले ऑर्क आणि एल्फही उतरले. १९७१ साली अमेरिकेत गायगॅक्स आणि पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांचे नियम काढले आणि शेवटी जादू व राक्षसांचं प्रकरण जोडलं. त्यातूनच १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' जन्मलं. पण त्यात प्रत्येक खेळाडू फौज नव्हे तर एकेक पात्र चालवतो, त्यामुळे प्रत्येकाला एक-दोनच पुतळे पुरत. इंग्लंडमधल्या सिटाडेल या पुतळे ओतणाऱ्या कंपनीच्या ब्रायन अॅन्सेलला लोकांनी ढिगाने पुतळे घ्यावेत असं वाटत होतं. १९८३ साली अॅन्सेल, रिक प्रीस्टली आणि रिचर्ड हॅलिवेल यांनी 'वॉरहॅमर' बाजारात आणलं. धंद्याचाच विचार होता तो, पण त्यातून फौजा उभ्या राहिल्या.

आमच्या हातात आली ती १९९२ ची चौथी आवृत्ती. माझे वडील उद्यमनगरात ओतकामाच्या साच्यांसाठी पॅटर्न, म्हणजे नमुने, बनवायचे. त्यांनी पहिला गॉब्लिन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळ्यात आधी त्याच्या अंगावरची पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याच्या सांध्याची रेघ, शोधली. "दोन भागांचा साचा आहे. म्हणून हात असा पुढं चिकटलाय, नाहीतर साचा उघडलाच नसता," ते म्हणाले. सगळे गॉब्लिन एकाच पवित्र्यात का उभे, ते तेव्हा कळलं. धातूचे पुतळे रबराच्या साच्यात, साचा गरगरा फिरवून ओततात. प्लॅस्टिकला पोलादी साचा लागतो. तो महाग, पण एकदा झाला की हजारोंनी नग निघतात. दोघा पोरांना एका खोक्यात दोन फौजा मिळाल्या त्या यामुळेच.

रंगाचं मात्र जमलं नाही. घरात होता तो खिडकीच्या गजांचा ऑइलपेंट. तो लावल्यावर पहिल्याच गॉब्लिनचे डोळे, दात, चिलखताच्या कड्या सगळं बुजून गेलं. बाकीचे आम्ही तसेच ठेवले. नियमही अर्धवटच समजले. मागे रांग असली की हातघाईत एकेक गुण वाढतो, तीन रांगांपर्यंत, हे वाक्य आमच्या नजरेतून सुटलं, आणि आम्ही सगळे सैनिक एका लांबलचक ओळीत उभे केले. एल्फ आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावर, गॉब्लिन खाली अळिवाच्या रानात. शाळा सुरू झाली आणि तो डाव मध्येच मोडला.

इकडे खेळाच्या जगात रंगाचा मान वाढत गेला. १९८७ पासून 'गोल्डन डेमन' ही रंगकामाची स्पर्धा सुरू झाली होती. वॉरहॅमरचा अंतराळातला भाऊ म्हणजे 'वॉरहॅमर ४०,०००'. त्याच्या २०२० च्या नियमांत तर फौज रंगवलेली असेल तर शंभरातले दहा गुण त्याचेच. रांगांनी लढणारं आमचं जुनं वॉरहॅमर मात्र २०१५ मध्ये बंद झालं. कथेतलं ते जगच नष्ट केलं गेलं आणि पुतळ्यांखालच्या चौकोनी तळांच्या जागी गोल तळ आले. जुने खेळाडू जुनी पुस्तकं घेऊन खेळत राहिले, आणि जानेवारी २०२४ मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड' या नावाने चौकोनी तळ आणि रांगा परत आल्या. ती बातमी वाचून भावाचा फोन आला, "भावा, ते खोकं अजून माळ्यावर आहे का?"

खोकं होतं. पुढचं जवळजवळ वर्ष रंगात गेलं. आधी मॅट अस्तर, मग पातळ अॅक्रिलिकचे दोन हात, मग सुरकुत्यांत उतरणारा गडद वॉश, शेवटी नाकाच्या शेंड्यावर आणि गालावर फिकट हिरवी रेघ. डोळे काही केल्या जमेनात. शेवटी शाहूपुरीतल्या एका मूर्तिकार काकांकडे गेलो. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना ते करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवतात आणि श्वास सोडून झाल्यावरच ब्रश लावतात. गॉब्लिनचा डोळा मोहरीएवढाही नसतो, पण युक्ती तीच लागू पडली. तळांवर पन्हाळ्याची तांबडी माती घातली, चहाच्या गाळणीतून चाळून.

माडीवर डाव मांडला तेव्हा रंगाचा खरा उपयोग दिसला. लहानपणी कुठली तुकडी कुणाची, धनुर्धारी कुठले, हे सारखं वाकून बघावं लागे. आता टेबलाच्या त्या टोकाला उभं राहूनही निळ्या ढालींचे भालेवाले आणि पांढऱ्या झग्यांचे तिरंदाज वेगळे कळत होते. रांगा या वेळी बरोबर लावल्या होत्या. गॉब्लिन एल्फांना भितात, दुपटीने असले तरच भीत नाहीत. हा नियम आम्ही पुन्हा मोठ्याने वाचला, आणि भावाने आपली तुकडी मोजून घेतली. दुसऱ्या फेरीत त्याच्या फाशात एक पडला. गॉब्लिनांत एक पडला की तुकडी पुढे जायचं सोडून आपसांत भांडत बसते. तोवर माझ्या तिरंदाजांनी दोन वेळा बाण सोडले. चौथ्या फेरीत त्याचे गॉब्लिन बाजूने येऊन माझ्या भालेवाल्यांवर आदळले. दोन फाशांची बेरीज माझ्या सैनिकांच्या धैर्याच्या आकड्यापेक्षा एकाने जास्त पडली, आणि निळ्या ढाली पाठ फिरवून टेबलाच्या कडेपर्यंत पळाल्या.

भाऊ जिंकला. सामान आवरताना तीन भाल्यांची टोकं मोडलेली सापडली. ती चिकटवून पुन्हा रंगवायची आहेत, आणि त्याच्या फौजेतले लांडग्यांवरचे स्वार अजून अस्तरावरच आहेत.