पेशंट एक, मालक चार

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. डॉक्टर, खाटा, औषधं यांवर तेव्हा बरंच बोललं गेलं. माझ्या मते त्या आठवड्याचं मूळ आणखी मागे आहे. ठाण्यात सरकारी रुग्णालय नेमकं कुणाचं, इथपासून ते सुरू होतं.

विठ्ठल सायन्ना यांच्या नावाचं सिव्हिल (जिल्हा रुग्णालय) राज्याच्या आरोग्य विभागाचं, तिथला कारभार जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. मुरबाड-शहापूरची प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची. कळवा महापालिकेचं. राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं असल्यामुळे तिथे अधिष्ठाता (डीन), आणि अधिष्ठात्यांच्या वर आयुक्त. वागळे इस्टेटचं कामगार रुग्णालय १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यातून आलेलं. चौघांची बजेटं वेगळी, औषधखरेदी वेगळी, भरतीही वेगळी. पेशंट मात्र ‘पुढे न्या’ म्हटलं की केसपेपर घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत या रांगेत जव्हार-मोखाडाही होते.

पुढे ९०० खाटांच्या नव्या इमारतीसाठी जुनं सिव्हिल पाडायला घेतलं आणि त्याचा संसार मनोरुग्णालयाच्या आवारात हलला. (ते मनोरुग्णालय १९०१ चं. या शहरात जुन्या आवारांनीच नेहमी वेळ निभावून नेली आहे.) राज्याच्या फाइलीत निर्णय चोखच होता. भार आला तो कळव्यातल्या महापालिकेच्या ५०० खाटांवर. ते मृत्यू झाल्यावर दोनच दिवसांनी, १५ ऑगस्टपासून, आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. महापालिकांची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती.

नवी मुंबईत ही गुंतागुंत कमी असायला हवी होती. १९७० मध्ये सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, आली, शहर कागदावर आखूनच उभं राहिलं. १९९२ मध्ये महापालिका झाली, वाशी, नेरूळ, ऐरोलीला तिची रुग्णालयं झाली, शेजारी मोठी खासगीही आली. पण बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि पुढचंच स्टेशन खारघर रायगडात. जुलै २०१२ मध्ये पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर मोफत उपचार देणारी राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत रायगड होता, ठाणे नव्हता. ठाण्याला नोव्हेंबर २०१३ उजाडला. म्हणजे सोळा महिने खारघरचं केशरी रेशनकार्ड चालत होतं, बेलापूरचं नाही. लोकलने पाच मिनिटांचं अंतर!

हीच योजना आज महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. तिने कारभाराची रीतच बदलली. आरोग्यमित्र (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस), पूर्वमंजुरी, फोटो, क्लेम ही कामं सरकारी रुग्णालयातही आली. खासगीत टीपीए (विमा कंपन्यांसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्था) आणि कॅशलेसमुळे ती आधीच रुजली होती. बिलिंगची खोली ओपीडीइतकीच महत्त्वाची झाली.

खासगी रुग्णालयांना लगाम आहे तो १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याचा. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स (रुग्णालय-दवाखान्यांची नोंदणी व नियमन) कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. २०२१ मध्ये जुन्याच कायद्याचे नियम सुधारले, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. शहरात नोंदणी आणि तपासणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. डासांची फवारणी आणि लसीकरणही त्याच विभागाकडे.