दमणूक वेगळी, पेंग वेगळी

गणपतीच्या आदल्या रात्री पनवेल ते सावंतवाडी कुठल्याही धाब्यावर "दमलोय, पण चालवतो गाडी" हे हमखास ऐकू येतं. या एका 'दमलोय'मध्ये दोन वेगळ्या अवस्था दडलेल्या असतात, आणि एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून राबलेल्या बाईची कंबर धरलेली असते, पोटऱ्यांत गोळे आलेले असतात. पण रात्री नीट झोप झाली असेल, तर पडवीत टेकल्यावर तिचा डोळा लागेलच असं नाही. ही दमणूक. रात्रभर बसून दशावतार पाहिलेला माणूस पहाटे दुचाकीला किक मारतो, तेव्हा त्याच्या अंगाला कष्ट पडलेले नसतात. तरी सरळ रस्ता लागला की त्याला झापड येते. ही पेंग.

दमणूक बसल्याने, पाणी-पेजेने उतरते. पेंग बसल्याने वाढते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं झोप आणणारं द्रव्य साचत जातं आणि ते झोपेतच कमी होतं. त्यात शरीराच्या घड्याळाची भर पडते: रात्री 2 ते 5 आणि दुपारी जेवणानंतरचे दोनेक तास झोपेची ओढ जास्त असते.

ओळखायचं कसं? मोबाइल बाजूला ठेवून अंधाऱ्या, शांत जागी 15 मिनिटं नुसतं टेकून बसा. दमलेला पाय चेपत जागा राहतो, पेंगुळलेल्याची मान पडते. मात्र ही परीक्षा काम थांबवूनच घ्यायला हवी, कारण हालचाल, गप्पा आणि भीती पेंग झाकून ठेवतात. मासेमारीच्या बोटीवर हे स्पष्ट दिसतं. जाळं ओढताना सगळे टक्क जागे असतात. मासळी निवडून झाली, तिच्यावर बर्फ पडला, बोट बंदराकडे वळली की खलाशी आडवे होतात. मग सुकाणूवर एकटा तांडेल (बोटीचा प्रमुख), इंजिनाचा एकसुरी आवाज आणि पहाटेचे 4. धोका जाळं ओढताना वाटतो, पण पेंगेचा खरा धोका या परतीच्या तासात असतो.

स्मरणशक्तीच्या बाबतीतही दोघींची तऱ्हा वेगळी. दमलेल्या माणसाला नाव पटकन सुचत नाही, पण कुणी आठवण करून दिली की "हां, बरोबर" म्हणतो. पेंगुळलेल्याच्या बाबतीत गोष्ट मुळात नोंदलीच गेलेली नसते. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग नव्या गोष्टी टिपतो, आणि अपुऱ्या झोपेत त्याचं काम मंदावतं. दिवसभरात टिपलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम गाढ झोपेत चालतं, तेही अर्धवट राहतं. म्हणून गॅसची कळ बंद केली का, गोळी घेतली का, यांचं उत्तर कितीही डोकं खाजवून सापडत नाही. गाडीत याचं रूप म्हणजे "मागचे चार किलोमीटर कसे गेले कळलंच नाही", किंवा ओळखीचा फाटा मागे पडणं. शिवाय मिनिटभर डोळा लागून उठलेल्याला आपण झोपलो होतो हेच बहुधा आठवत नाही. "मी जागाच होतो" हे तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो, म्हणून शेजारी बसलेल्याने त्याच्या शब्दावर विसंबू नये.

सकाळी 6 ला उठून, नोकरी करून रात्री 10 ला मुंबईहून निघालेल्या चाकरमान्याचे 11 वाजता 17 तास जागरण होतं. या टप्प्याला हातपाय आणि लक्ष 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम मद्य असल्यासारखे मंदावतात, असं प्रयोगांत आढळलंय. आपल्या कायद्याची मर्यादा 30 ची आहे. परशुराम घाटात पोचेपर्यंत पहाटेचे 3 वाजतात, म्हणजे 21 तास. ताशी 80 च्या वेगात 4 सेकंदांची डुलकी म्हणजे जवळपास 90 मीटर, आणि तेवढ्या अंतरात ब्रेकवर पायच नसतो.

काच उघडणं, तोंडावर पाणी मारणं, मोठ्याने गाणी लावणं यांचा असर काही मिनिटांपुरता. तंबाखूवर भरवसा ठेवू नका. कटिंग चहात कॅफीन थोडंच असतं. करायचं ते असं: गाडी पेट्रोल पंपावर किंवा उजेडाच्या जागी, रस्त्यापासून बाजूला लावा. एक-दोन कप कडक कॉफी प्या आणि लगेच 20 मिनिटांचा गजर लावून मान मागे टाका. कॅफीन चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. जास्त झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड राहतं. उठल्यावर 15 मिनिटं चालून मगच स्टिअरिंग धरा. याने तास-दोन तास निभतात, रात्र भरून निघत नाही.

गाडी लागू नये म्हणून घेतात त्या प्रोमेथाझीनसारख्या गोळ्या आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्या पेंग आणतात. प्रवाशाने घेतली तर चालेल, चालकाने नाही.

7-8 तास झोपूनही दिवसा डुलक्या येत असतील आणि घोरणं मोठं असेल, तर झोपेत श्वास अडकतो का हे तपासून घ्या. झोप येत नाही पण अंगात त्राणच नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर बघायला सांगा.