शालेय क्रिकेट वेगळं आणि असोसिएशनचं क्रिकेट वेगळं

आमच्या शाळेला यंदा पन्नास वर्षं होतायत आणि माजी विद्यार्थी मेळाव्यासाठी शाळेच्या क्रिकेटचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव आमचं, पारावर कोणालाही विचारा, सांगतील की आपल्या शाळेचे चार पोट्टे विदर्भाकडून खेळले. मी पण लहानपणापासून हेच ऐकत आलो. मग ऑफिसातल्या लोखंडी कपाटातून सर्टिफिकेटांची फाईल काढली, टेबलावर एकेक मांडून नीट वाचली, तर चारपैकी तिघांच्या कागदावर लिहिलं होतं "विभागीय शालेय क्रिकेट स्पर्धा", खाली क्रीडा खात्याचा गोल शिक्का. म्हणजे ते तिघं अमरावतीला विभागाच्या मॅचेस खेळले होते. विदर्भ क्रिकेट असोसिएशनचा कागद एकाकडेच.

तिघांची किंमत याने कमी होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण दोन्ही गोष्टी एकच समजल्या की पुढच्या पोरांचं नुकसान होतं, आणि ते माझंही झालंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शालेय क्रिकेट म्हणजे सरकारच्या क्रीडा खात्याचं. जिल्हा क्रीडा अधिकारी स्पर्धा लावतात, 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट असतात. यात खेळते ती शाळा. जिल्ह्यात जिंकली की शाळेची टीमच विभागाला जाते, तिथे जिंकली की राज्याला. आपल्याकडे विभाग दोन, अमरावतीत पाच जिल्हे आणि नागपुरात सहा. आणि राज्य म्हणजे अख्खा महाराष्ट्र, तिथे समोर मुंबई-पुण्याच्या शाळा येतात, तिथून निवड झाली तर पोरगा राष्ट्रीय शालेय स्पर्धेत "महाराष्ट्र" म्हणून उतरतो.

असोसिएशनचं क्रिकेट म्हणजे नागपूरच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं, आपण ज्याला व्हीसीए म्हणतो. महाराष्ट्र राज्य एक पण बीसीसीआयच्या हिशोबात क्रिकेट संघटना तीन, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ, आणि विदर्भाच्या वाट्याला आपले अकरा जिल्हे. तिथे शाळा जात नाही, पोरगा एकटा जातो. ट्रायल देतो, निवड झाली तर 16 वर्षांखालील विजय मर्चंट ट्रॉफी, 19 वर्षांखालील कूचबिहार ट्रॉफी, आणि नशीब असेल तर पुढे रणजी. तिथे तो "विदर्भ" असतो आणि महाराष्ट्र ही समोरची टीम असते. एकच पोरगा एका वाटेने महाराष्ट्राचा आणि दुसऱ्या वाटेने महाराष्ट्राच्या विरुद्ध, मग गावातल्या माणसाचा गोंधळ होणारच ना.

गोंधळाला जुनं कारण पण आहे. कूचबिहार ट्रॉफी 1945-46 ला सुरू झाली तेव्हा ती शाळांच्या पोरांचीच स्पर्धा होती, ती 19 वर्षांखालील झाली 1987-88 पासून. त्यामुळे आमचे रिटायर झालेले पीटीचे सर अजूनही म्हणतात की शाळेकडून चांगला खेळलास की वरून बोलावणं येतं. त्यांच्या काळी दोन्ही वाटा खरंच जवळ होत्या, ते चुकीचं बोलत नाहीत. दुसरं कारण मुंबईचं. फेब्रुवारी 1988 मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने शारदाश्रम शाळेकडून 664 ची पार्टनरशिप केली, सचिन नाबाद 326 आणि कांबळी नाबाद 349, ती हॅरिस शील्डमध्ये, म्हणजे शाळांच्याच स्पर्धेत. ही गोष्ट गावोगाव पोचली आणि सगळ्यांना वाटलं की शाळेची स्पर्धा म्हणजेच दार. पण हॅरिस शील्ड एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, मुंबईत शाळांच्या मॅचकडे क्रिकेटवाल्या माणसांचं आधीपासून लक्ष असतं. आमच्या तालुक्याच्या मॅचला काथ्याची मॅट आम्हीच खांद्यावर घेऊन जायचो, उंदराने कुरतडलेला कोपरा आत दुमडून खिळे दगडाने ठोकायचो, आणि बघायला बाजूच्या पऱ्हाटीत काम करणाऱ्या बाया आणि दोन सर. वरून बघायला येणारं कोणी नव्हतंच.

आता वयाचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. शालेय मध्ये गट 17 चा, असोसिएशनमध्ये 16 चा. एका वर्षाचा फरक कागदावर काहीच दिसत नाही. मी दहावीत असताना आमची शाळा 17 वर्षांखालील गटात जिल्ह्यात जिंकली, मी फायनलला चार विकेट घेतल्या, अमरावतीला पहिलीच मॅच हरलो पण गावात सत्कार झाला आणि जो तो म्हणे, बापा, आता नागपूरचं पत्र येते पाय. उन्हाळाभर वाट पाहिली. पत्र येत नसतं, ट्रायलची तारीख आपणच शोधायची असते, फॉर्म आपणच भरायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नाही आणि कळलं तोवर 16 चा गट माझ्यासाठी संपला होता. 19 च्या ट्रायलला गेलो तर तिथली पोरं चार-पाच वर्षं रोज नेटमध्ये सीझन बॉलवर, म्हणजे कडक लेदरच्या बॉलवर, खेळलेली होती.

जन्मतारखेचं पण तसंच. शालेय स्पर्धेत शाळेचं रेकॉर्ड चालतं, दाखलखारीज रजिस्टरात जे आहे ते. आपल्याकडे कित्येक जणांची तारीख पहिलीत नाव घालताना गुरुजींनीच टाकलेली, जून-जुलैची. बीसीसीआयच्या 16 वर्षांखालील स्पर्धेसाठी मात्र मनगटाचा एक्सरे काढून हाडावरून वय बघतात. म्हणून ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला आणि शाळेची तारीख जुळते का हे पाचवी-सहावीतच बघून घ्या. पोराची निवड झाल्यावर तहसीलच्या चकरा मारण्यात अर्थ नाही.

मग शालेय क्रिकेट कशाला खेळायचं? खेळायचंच. ग्रेस मार्क आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण हे क्रीडा खात्याच्या नियमाने चालतं, सर्टिफिकेटची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते, म्हणून तो कागद लॅमिनेट करू नका, ओरिजिनल प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. आणि अकरा जण एका गावचे, एका कमांडर जीपमध्ये बसून जिल्ह्याला जाणं हे असोसिएशनमध्ये मिळत नाही, ते शाळेतच.

शाळेची टीम नशिबात नव्हती म्हणून दार बंद असंही नाही. नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेड्याजवळच्या वलनीचा उमेश यादव टेनिस बॉलवर वाढला, सीझन बॉल हातात आला तो विशीच्या आसपास, 2008 ला विदर्भाकडून रणजी खेळला आणि 2011 ला टेस्ट, विदर्भाचा पहिला टेस्ट खेळाडू. विदर्भाची टीम स्वतः 1957-58 पासून रणजीत आहे आणि पहिली ट्रॉफी आली 2017-18 ला, मग 2018-19 आणि 2024-25. त्या वेळी आमच्या चौकात ट्रॅक्टरवर डीजे लावला होता.

तर मेळाव्याच्या बोर्डावर मी दोन रांगा केल्या. वर लिहिलं "शाळेकडून विभागापर्यंत", खाली तिघांची नावं आणि त्या टीममधल्या बाकीच्या सगळ्यांची पण, कारण विभागाला अख्खी शाळा गेली होती आणि आजवर स्कोअर लिहिणाऱ्या पोराचं नाव कोणीच घेतलं नव्हतं. दुसऱ्या रांगेत "असोसिएशनकडून विदर्भ", एकच नाव. पीटीच्या त्याच सरांना दाखवलं. ते बराच वेळ बोर्ड वाचत उभे राहिले, मग म्हणाले, "खालची रांग मोकळी ठेव जराशी, सातवीतला तो डावखुरा आहे ना, त्याच्या बापाला उद्या बोलावतो, पहिले त्याचा जन्माचा दाखला पाहू."