बेंचरेस्ट नेमबाजीतील नेमबिंदू
बेंचरेस्ट प्रकारात रायफल भक्कम बाकावर, पुढे स्टँडवर आणि मागे वाळूच्या पिशवीवर टेकवलेली असते. त्यामुळे हात हलण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. लक्ष्यावरची जी खूण धरून बार काढायचा ती नेमबिंदू, आणि स्कोपमधला (रायफलवरच्या दुर्बिणीतला) क्रॉसहेअर, म्हणजे उभ्या-आडव्या तारांची फुली, त्या खुणेवर जसा दिसतो ते साइट पिक्चर. स्वप्नील कुसळेने ज्या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवले, त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये स्कोप नसतो. तिथे पुढच्या साइटच्या कड्यात काळे वर्तुळ मधोमध बसवतात. बेंचरेस्टचा हिशेब वेगळा.

‘ग्रुप’ स्पर्धेत गोळ्या कुठे लागल्या याला फारशी किंमत नाही, एकमेकींच्या किती जवळ लागल्या याला आहे. पाच गोळ्यांपैकी सर्वांत लांबच्या दोघींच्या केंद्रांमधले अंतर मोजतात. १०० यार्डांवर चांगला ग्रुप पाव इंचाच्या आत बसतो. म्हणून नेमबिंदू आणि गोळी लागण्याची जागा मुद्दाम वेगळी ठेवतात. या खेळात रूढ असलेल्या ६ मिमी पीपीसी काडतुसाची गोळी साधारण ६ मिमीचे भोक पाडते, तर १/८ मिनिटाचा (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) स्कोपमधला ठिपका त्या अंतरावर ३.३ मिमी झाकतो. पहिल्याच गोळीने खूण उडाली, तर पुढचा नेम कागदाच्या फाटक्या कडेवर धरावा लागतो, आणि ती कड दर बाराला सरकते. अमेरिकी लक्ष्यांवर वर्तुळांच्या वर एक चौकोन छापलेला असतो तो यासाठीच. चौकोनावर नेम धरून गोळी खाली वर्तुळांत पडेल असा स्कोप लावतात.

चौकोनाचा कोणता भाग धरायचा? उभी तार मधोमध ठेवून दोन्ही बाजूंचे पांढरे सारखे करणे डोळ्याला सोपे जाते. फरक लगेच खटकतो. आडवी तार कडेला ‘टेकवायची’ म्हटली की घोळ होतो. ती कडेवर, की कडेखाली पांढरी रेघ सोडून? एकदा ठरवावे आणि मोडू नये. मिराज, म्हणजे तापलेल्या हवेची लहर, असेल तर कडा उकळल्यासारख्या हलतात. अशा वेळी कड सोडून चौकोनाचा मध्य धरलेला बरा.

गुण मोजणाऱ्या ‘स्कोअर’ स्पर्धेत मात्र गोळी लक्ष्याच्या मधल्या ठिपक्यावरच हवी, त्यामुळे तिथे ही सवलत नाही.

चुकांत पॅरॅलॅक्स पहिला, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकलेला दिसणे. रायफलला न शिवता डोके किंचित वर-खाली, डावी-उजवीकडे हलवावे. क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकला तर स्कोपचा फोकस नीट लागलेला नाही. दुसरी चूक वाऱ्याची. ग्रुपसाठी ७ मिनिटे असतात आणि खालच्या साइटर लक्ष्यावर, म्हणजे निकालात न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या लक्ष्यावर, हवे तितके बार काढता येतात. वारा दाखवणारे झेंडे बदलले की आधी तिथे एक गोळी टाकून पाहावी, ती जितकी सरकली तितका नेम उलट बाजूला धरावा किंवा तीच हवा परत येईपर्यंत थांबावे. ग्रुप चालू असताना स्कोपचे क्लिक (नेम सरकवणाऱ्या खुंट्या) फिरवू नयेत.

बार झाल्यावर रायफल मागे जाऊन परत आणली की क्रॉसहेअर त्याच रेषेवर उतरायला हवा. सुरुवातीलाच रिकामी रायफल पिशव्यांवर पुढे-मागे सरकवून हे तपासतात. तार तिरकी चालली तर मागची पिशवी पुढच्या स्टँडच्या रेषेत नाही; ती हलवावी, कुंदा दाबून नेम जुळवू नये.