शरीरातले पडदे आणि त्यांतली दारं

तान्ह्या बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की डॉक्टरांना कधी कधी ठोक्यांच्या जोडीला एक खरखर ऐकू येते. तपासण्या होतात आणि आईवडिलांना सांगितलं जातं, ‘हृदयाच्या पडद्याला छिद्र आहे.’ ऐकणाऱ्यांच्या पायाखालची जमीनच सरकते. पण हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं, म्हणजे निलयांमधलं छिद्र असेल, तर अनेकदा खरखर जितकी मोठी तितकं छिद्र लहान असतं. अरुंद वाटेतून रक्त जोरात घुसतं, म्हणून आवाज होतो. अशी बरीच लहान छिद्रं पहिल्या काही वर्षांत आपोआप बुजतात. छिद्र मोठं असेल तर मात्र काळजीचं कारण असतं. ते का, हे कळायचं तर आधी हा पडदा तिथे आहेच कशासाठी, ते बघायला हवं.

उजवा निलय रक्त फुप्फुसांकडे पाठवतो, डावा साऱ्या शरीराला पुरवतो. डाव्यातला दाब प्रत्येक ठोक्याला पाऱ्याच्या सुमारे 120 मिलिमीटरपर्यंत चढतो, उजव्यातला साधारण 25 पर्यंतच. हृदय आडवं कापून पाहिलं तर हा फरक डोळ्यांना दिसतो. डावा निलय गोल आणि जाड भिंतीचा, उजवा पातळ आणि त्याला चंद्रकोरीसारखा बिलगलेला. मधला पडदा उजवीकडे फुगलेला असतो आणि चांगला सेंटिमीटरभर जाड भरतो.

उजवीकडचा दाब इतका कमी ठेवायचं कारण फुप्फुसांत आहे. तिथे हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा बहुतेक ठिकाणी एक मायक्रोमीटरहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. प्राणवायू पलीकडे झिरपायचा तर तो इतका पातळ असावाच लागतो. डावीकडचा दाब थेट तिथे पोहोचला तर रक्तातलं पाणी हवेच्या पिशव्यांत उतरेल. म्हणजे हृदयातली जाड भिंत फुप्फुसांतल्या या नाजूक पडद्याची राखण करत असते. एकाच्या भरवशावर दुसरा टिकतो, ही मला शरीररचनेतली फार सुंदर गोष्ट वाटते.

हा पडदा भरीव आहे हे मान्य व्हायलाच शतकं लागली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या गेलेन या ग्रीक वैद्याने लिहून ठेवलं होतं की रक्त त्यातल्या अदृश्य छिद्रांमधून उजवीकडून डावीकडे जातं. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने ते साफ नाकारलं. भिंत भरीव आहे, तेव्हा रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येत असणार, हा त्याचा निष्कर्ष होता. युरोपात हे चित्र पुरतं स्पष्ट झालं ते 1628 साली, विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरच्या ग्रंथाने.

सगळ्या प्राण्यांना असा पूर्ण पडदा नसतो. माशांच्या हृदयात एक अलिंद, म्हणजे वरचा कप्पा, आणि एक निलय. बेडकाला अलिंदं दोन, पण निलय एकच. बहुतेक सरडे, साप आणि कासवं यांच्या निलयात अर्धवट पडदा असतो. तो पूर्ण होतो मगरींत, पक्ष्यांत आणि सस्तन प्राण्यांत. पक्षी आणि सस्तन प्राणी या टप्प्यावर स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या वाटांनी पोहोचले. मगरीने तर पडदा पूर्ण करूनही हृदयाबाहेर, दोन महाधमन्यांच्या मधे एक भोक राखलं आहे. शिवाय तिची डावी महाधमनी उजव्या निलयातून निघते. त्यामुळे पाण्याखाली असताना काही रक्त फुप्फुसांकडे न जाता शरीरातच फिरवता येतं.

आपल्यालाही एकेकाळी असं भोक होतं. पोटातल्या बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो, फुप्फुसांचं काम अजून सुरू झालेलं नसतं. तेव्हा वरच्या दोन कप्प्यांमधल्या, म्हणजे अलिंदांमधल्या पडद्यात वाट उघडी लागते. ती घडते कशी, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. आधी एक पातळ पडदा वरून खाली वाढत येतो. तो तळाला टेकून वाट बंद व्हायच्या आत त्याच्याच वरच्या भागात नवी छिद्रं पडतात. मग त्याच्या उजव्या बाजूला दुसरा, जाडसर पडदा उतरतो आणि त्यात एक लंबगोल खिडकी राहते. रक्त खिडकीतून शिरतं, पातळ पडदा बाजूला सारतं आणि डावीकडे जातं. उलट यायला लागलं, तर तोच पडदा खिडकीवर दाबला जातो.

बाळ पहिला श्वास घेतं, फुप्फुसं उघडतात आणि त्यांच्याकडून डाव्या अलिंदात भरपूर रक्त येऊ लागतं. तिथला दाब वाढतो आणि झडप मिटते. पुढच्या महिन्यांत दोन्ही पडदे एकमेकांना चिकटतात. साधारण चारांतल्या एका माणसात ते पूर्णपणे चिकटत नाहीत. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. क्वचित एखादी रक्ताची गुठळी या फटीतून डावीकडे सटकते आणि मेंदूत जाऊन पक्षाघात होतो.

निलयांमधलं छिद्र मोठं असलं, तर डावीकडचा दाब उजवीकडे आणि तिथून फुप्फुसांवर येतो. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं तो सोसून जाड आणि कडक होतात. अखेर उजवीकडचा दाब डावीकडच्याहून वर जातो आणि अशुद्ध रक्त उलट्या दिशेने शरीरात मिसळायला लागतं. या टप्प्यावर छिद्र बुजवणं घातक ठरू शकतं, कारण उजव्या निलयाला दाब सोडायला तेवढीच वाट उरलेली असते. म्हणूनच मोठं छिद्र वेळेत बंद करण्याला इतकं महत्त्व आहे. 1953 साली जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात हृदय-फुप्फुस यंत्राच्या मदतीने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, ती अलिंदांमधलं छिद्र शिवण्याचीच होती. आणि त्याच शहरात 1966 साली विल्यम रॅशकिंड यांनी नेमकं उलट केलं. काही बाळांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची जागा जन्मतःच अदलाबदल झालेली असते. शुद्ध आणि अशुद्ध रक्त दोन वेगळ्या चक्रांत फिरत राहतं. रॅशकिंड यांनी शिरेतून फुगा असलेली नळी हृदयापर्यंत नेली, फुगा फुगवला आणि झटक्यात मागे ओढून अलिंदांमधला पडदा फाडला. रक्त मिसळू लागलं आणि शस्त्रक्रियेपर्यंत बाळ तग धरू शकलं. हा उपाय आजही वापरात आहे.

छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल ही आणखी वेगळी चीज आहे. ही भिंत स्वतःच हलते. घुमटासारखा हा स्नायू आकुंचन पावून सपाट झाला की छातीत जागा होते आणि हवा आत येते. असं स्नायूंचं पूर्ण श्वासपटल फक्त सस्तन प्राण्यांना असतं. त्यात तीन मुख्य वाटा आहेत. खालून हृदयाकडे येणारी मोठी शीर मधल्या तंतुमय भागातून जाते, त्यामुळे श्वास घेताना तिची वाट रुंदावते. अन्ननलिका स्नायूच्या भागातून जाते, त्यामुळे त्याच क्षणी ती आवळली जाते आणि जठरातलं आम्ल वर चढत नाही. तिसरी वाट महाधमनीची. ती स्नायूच्या मागून जात असल्याने तिच्यावर ताण येत नाही. श्वासपटलाची चेतातंतूंची जोडणी थेट मानेतून येते, कारण गर्भात त्याची सुरुवात मानेपाशी होते आणि मग ते खाली सरकतं. म्हणून श्वासपटलाला त्रास झाला तर खांदा दुखू शकतो.

आपली दोन फुप्फुसं स्वतंत्र पोकळ्यांत असतात. एका बाजूला छातीला भोक पडलं तरी दुसरं फुप्फुस चालू राहतं. अमेरिकेतल्या बायसनमध्ये मधला पडदा अपुरा असतो, त्यामुळे एका जखमेने दोन्ही फुप्फुसं मिटू शकतात. हत्तीला तर फुप्फुसाभोवती पोकळीच नाही. तिथे सैल ऊती भरलेल्या असतात. सोंड वर धरून खोल पाण्यात पोहताना छातीवर येणारा दाब सोसण्यासाठी ही सोय असावी, असं शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन वेस्ट यांचं म्हणणं.

सगळ्यात कडक पहारा मेंदूचा. पॉल एर्लिख यांनी 1885 मध्ये नोंदवलं की प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला की बाकी अवयव रंगतात, मेंदू मात्र कोरा राहतो. तिथल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की मधून काही निसटत नाही. साखर, अमिनो आम्लं यांना पेशींमधून खास मार्ग असतात. बहुतेक औषधांना ते नसतात, आणि मेंदूतल्या गाठींवर उपचार अवघड होण्याचं हे एक मोठं कारण आहे. 2015 साली टोरांटोतल्या सनीब्रुक रुग्णालयात रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडून, कवटीबाहेरून अल्ट्रासाउंड लहरी एका जागी एकवटून एका रुग्णात हा पहारा थोडा वेळ उठवला गेला आणि तेवढ्यात केमोथेरपीचं औषध आत सोडण्यात आलं. असं उघडलेलं दार साधारण दिवसाभरात पुन्हा मिटतं. अल्झायमरच्या रुग्णांमध्येही ही पद्धत आता तपासली जात आहे.